‘शांत’ हा शब्द जपून वापरा: साइटहाउंड दत्तक देणाऱ्या संस्थांना खुले पत्र

शर्यतीतून, शिकारीतून किंवा बेवारस अवस्थेतून सोडवलेल्या ग्रेहाउंड, गाल्गो, सालुकी अशा साइटहाउंड, म्हणजे नजरेने सावज हेरून त्यामागे धावणाऱ्या, कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या सर्व संस्थांच्या कार्यकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षे माझ्या घरी अशी कुत्री आहेत. पहिली शेवरी, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड. तिच्यामागून पाच वर्षांनी आलेला भैरू, शिकारीचा हंगाम संपल्यावर मालकाने सोडून दिलेला गाल्गो, म्हणजे स्पेनमधला शिकारी कुत्रा. दोघेही आपल्यासारख्याच लोकांच्या कष्टांमुळे जिवंत आहेत, तेव्हा आभार आधी मानते. मात्र पत्र लिहायला बसले आहे ते तक्रार म्हणून, आणि ती तक्रार एका शब्दाविषयी आहे.

तो शब्द म्हणजे ‘शांत’. आपल्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत तो असतो: अत्यंत शांत, आळशी, सोफ्यावर लोळत दिवस काढणारा, क्वचितच भुंकणारा. यातले एकही विधान खोटे नाही. ग्रेहाउंड ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग गाठत असला, तरी ते धावणे अर्ध्या-एक मिनिटाचे असते आणि उरलेला बहुतेक दिवस तो झोपून काढतो, हे ज्याने पाळला आहे त्याला ठाऊक असते. पण जो कुत्रा कालच पिंजऱ्यातून निघून आपल्या बैठकीच्या खोलीत आला आहे, त्याच्या गप्प असण्याला शांत म्हणणे म्हणजे जत्रेत हरवलेल्या मुलाला ‘किती शहाणे आहे, रडतसुद्धा नाही’ म्हणण्यासारखे आहे.

शेवरी आली त्या दिवशी संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ती खोलीच्या मध्यभागी उभी होती. बसली नाही, हिंडली नाही, काही हुंगलेसुद्धा नाही. शेपूट पोटाखाली घट्ट ओढलेली, मान खाली, आणि नजर फरशीच्या एकाच सांध्यावर. तिच्यासाठी आणलेली गादी चार पावलांवर होती. मी गादीवर हात थोपटून तिला बोलावले, तर तिने मान दुसरीकडे वळवली. आम्ही घरातली माणसे मात्र कौतुकाने एकमेकांकडे पाहत होतो, की बघा, किती गुणी आहे. अकराच्या सुमारास तिच्या मागच्या मांड्या थरथरू लागल्या, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केले, पुढचे पाय दुमडले आणि गादी सोडून उघड्या फरशीवर अंग टाकले. पुढचे पाच आठवडे ती अशीच शांत होती, आणि दर वेळी फोनवर मी कार्यकर्तीला तेच सांगत होते, की काही त्रास नाही. त्रास नव्हताच. कुत्री अजून घरात आलीच नव्हती.

तिच्या दोन्ही कानांत, आतल्या बाजूला, हिरव्या शाईने गोंदलेले आकडे आहेत. अमेरिकेतल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडना असे गोंदण्याची पद्धत आहे: उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि वेतातल्या पिल्लांत तिला दिलेले अक्षर, तर डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक. त्यामुळे मला तिचा जन्मीचा महिना कळला, तिच्या भावंडांचा छडासुद्धा लावता आला असता. हिने आयुष्यात कधी जिना पाहिला आहे का, एवढे मात्र तिच्या कानावर लिहिलेले नव्हते आणि आपल्या कागदांतही नव्हते.

शर्यतीच्या कुत्र्याचे आयुष्य घड्याळावर चालते. ठरल्या वेळी मोकळ्यावर सोडणे, ठरल्या वेळी खाणे, बाकीचा वेळ आपापला पिंजरा. आजूबाजूला सतत आपल्याच जातीची डझनांनी कुत्री असतात, त्यामुळे एकटे राहणे म्हणजे काय हे जन्मापासून ठाऊक नसते. झोपेत कोणी अंगाला हात लावत नाही. काचेचा दरवाजा, आरसा, गुळगुळीत फरशी, मिक्सरचा आवाज, पायऱ्या यांतले काहीच त्या जगात नसते. पुढे घरात जे जे दोष म्हणून दिसते, त्यातले बहुतेक याच उणिवांतून आलेले असते.

जिन्याचेच घ्या. आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत आणि त्यांना आम्हाला बावीस दिवस लागले. एक हात तिच्या पोटाखाली घालायचा, दुसऱ्या हाताने एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचा. पुढचे दोन्ही वर गेले की मागचे जणू जमिनीला खिळायचे, मग पुन्हा एकेक उचलायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही तिसऱ्या पायरीपलीकडे गेलो नाही. उतरणे त्याहून अवघड, कारण पायऱ्या उतरायच्या असतात हे न कळल्याने ती सगळ्यांवरून एकदम झेप घेऊ पाहायची, आणि लांब, सडपातळ हाडांच्या कुत्रीने अर्ध्या जिन्यावरून झेप घेतली तर काय होईल या कल्पनेने माझ्याच पोटात गोळा यायचा. म्हणून छातीपट्टा घालून, मी तिच्या पुढे एक पायरी खाली उलटी उभी, असे आम्ही उतरत होतो. बाविसाव्या दिवशी मी वर कपडे वाळत घालत असताना जिन्यात नखांचा खडखडाट ऐकू आला आणि ती दारात येऊन उभी राहिली. मागे कोणी नव्हते.

आपण सगळेच ‘धीर धरा’ असे सांगता. त्या दोन शब्दांत किती काम दडलेले आहे, हे कोणीतरी विस्ताराने लिहायला हवे. रोज त्याच वेळी उठणे, त्याच रस्त्याने फिरायला नेणे, त्याच भांड्यात त्याच जागी खाणे ठेवणे, कारण वेळापत्रक ही एकच भाषा तिला आधीपासून येत असते. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसणे आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचणे, म्हणजे माणसाचा आवाज आपल्याकडून काही मागत नाही हे तिला कळावे. ‘बस’ ही आज्ञा शिकवण्याचा नाद सोडणे, कारण मांड्या इतक्या भरलेल्या असतात की पुष्कळ ग्रेहाउंडना ढुंगणावर बसणेच सुखाचे होत नाही. मी त्यावर पंधरा दिवस वाया घालवले. दोन मिनिटे घराबाहेर जाऊन परत येणे, मग पाच मिनिटे, मग दहा, आणि एखाद्या दिवशी चाळीस मिनिटांचा हिशेब चुकला की पुन्हा दोनवर येणे.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहिते आहे, त्याकडे येते. सातव्या आठवड्यात, एका थंड रात्री, शेवरी गादीवर पडली होती. डोळे उघडे होते, म्हणून जागी आहे असे समजून मी वाकून तिच्या अंगावर पांघरूण घालू लागले. पुढच्या क्षणी ती उठून उभी होती, माझ्या मनगटावर तीन दातांच्या खुणा होत्या आणि आम्हा दोघींत अधिक घाबरलेले कोण होते हे सांगता आले नसते. ती चार पावले मागे सरली आणि तिथेच उभ्या उभ्या मुतली.

ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपू शकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. झोपेत स्पर्श झाल्यावर दचकून चावा घेणे हे या कुत्र्यांत वारंवार दिसते, त्याचा स्वभावाच्या दुष्टपणाशी संबंध नाही, हेही सांगितले नव्हते. मी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, ‘पण ही तर अगदी शांत होती!’ त्या वाक्याचा अर्थ मी असा घेतला की बिघाड आमच्या घरात झाला. परत करण्याचा अर्ज मी त्याच रात्री भरला. पाठवला नाही तो केवळ दुसरा दिवस रविवार होता म्हणून. आणि त्या रविवारी सकाळी फिरताना भेटणारे, स्वतः व्हिपेट (ग्रेहाउंडसारखीच, पण लहान जात) पाळणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाले, ‘झोपेत हात लावला असणार तुम्ही.’ मग त्यांनी सांगितले की तिची गादी ही तिचीच जागा माना, झोपली असताना कोणी तिथे जाऊ नका. आधी लांबूनच नाव घ्या, कान हलला, डोके वर उचलले, की मगच जा. आम्ही तसे केले. त्यानंतर आठ वर्षांत तिने कोणाला दात लावलेला नाही. दोन मिनिटांत सांगता येण्याजोगी ही गोष्ट रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून कळावी, ही माझी तक्रार आहे. मूल असलेल्या घरात तर असा चावा थेट मुलाच्या चेहऱ्यावर बसू शकतो.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे मांजराची परीक्षा. शेवरीच्या कागदावर ‘मांजराशी जुळते’ अशी नोंद होती. परीक्षा घेतली तेव्हा तिला पिंजऱ्यातून निघून तीन दिवस झाले होते. त्या अवस्थेत तिच्यापुढून हत्ती नेला असता तरी तिने मान दुसरीकडेच वळवली असती. दुसऱ्या महिन्यात शेजारचे मांजर कुंपणावर आले, तेव्हा खिडकीशी तिचे सारे अंग ताठ झाले, कान उभे राहिले आणि खालचा जबडा हलकेच कटकट वाजू लागला. आमच्या घरी मांजर नव्हते, हे त्या मांजराच्या जातीचे नशीब. माझी विनंती एवढीच आहे, की निकालाशेजारी परीक्षेची तारीख लिहा, कुत्रा त्या वेळी किती दिवसांपूर्वी बाहेर आला होता ते लिहा, आणि महिन्याभराने पुन्हा परीक्षा घ्या. काही ग्रेहाउंड मांजरांसोबत आयुष्यभर सुखाने राहतात, हे मला मान्य आहे. ते तिसऱ्या दिवशी ओळखता येते, हे मान्य नाही.

पट्ट्याविषयी आपण सगळेच कडक आहात, तेव्हा त्यावर थोडकेच लिहिते. मान डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा गळपट्टा मागे सरकताच निसटतो, ओढताच आवळणारा मार्टिंगेल पट्टाच हवा, हे आपण पहिल्याच भेटीत शिकवता. त्यामागचे कारणही सांगितले तर लोक नियम पाळतील. लांब नाकाच्या कुत्र्यांत डोळ्याच्या पडद्यावरच्या चेतापेशी आडव्या पट्टीत दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजालगतची हालचाल त्यांना सहज टिपता येते. धावताना एकाच ढांगेत दोनदा चारही पाय हवेत असतात. आणि काही ढांगांतच तो आपल्या हाकेच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. तो हट्टी नसतो, त्या वेळी त्याला आपण ऐकूच येत नसतो.

दवाखान्याचा भाग मात्र आपल्या कागदांत जवळजवळ नसतोच, आणि तिथे थोडे रेंगाळणे मला भाग आहे. शेवरी तिसऱ्या वर्षी मरगळलेली दिसू लागली, म्हणून एका पशुवैद्यांनी रक्त तपासले, थायरॉईड कमी आहे असे सांगितले आणि गोळ्या सुरू केल्या. ग्रेहाउंडमध्ये थायरॉईडच्या टी-४ संप्रेरकाची पातळी मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते. तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त असते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला त्यांचा वाटा, पन्नास टक्क्यांच्या वर असणे नेहमीचे. प्लेटलेट कमी, मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिन किंचित जास्त. सर्वसाधारण कुत्र्याच्या तक्त्याशी ताडून पाहिले तर धडधाकट ग्रेहाउंड कागदावर आजारी ठरतो. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि तिचा पंजा उलटा करून पाहिला. पंजाच्या गादीत कुरूप, म्हणजे कडक घट्टा, होते, वाटाण्याएवढे. डांबरी रस्त्यावर ती जपून पाय टाकायची आणि गवतावर आली की नीट चालायची, हे मी कित्येक महिने पाहत होते आणि वय झाले म्हणून सोडून देत होते.

भुलीचेही तसेच. अंगावर चरबी कमी आणि यकृतात काही औषधांचे विघटन सावकाश होत असल्यामुळे थायोपेन्टलसारख्या जुन्या औषधांनंतर ग्रेहाउंडला शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. आज बहुतेक ठिकाणी दुसरी औषधे वापरतात, तरी डॉक्टरांना जात सांगणे आपले काम आहे. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडून दीड-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होण्याचा धोकाही या जातीत अधिक असतो, कारण गोठलेले रक्त विरघळण्याची क्रिया त्यांच्यात गरजेपेक्षा जोरात चालते. घरी आणलेल्या कुत्र्याच्या पोटावर दुसऱ्या दिवशी जांभळी छटा पसरताना दिसली, तर ‘टाके बरे होत आहेत’ म्हणून वाट पाहू नये, एवढे एक वाक्य छापील कागदावर असावे. असा एका पानाचा कागद प्रत्येक कुत्र्यासोबत, थेट डॉक्टरांच्या हाती देण्यासाठी, आपण देऊ शकाल का?

आपली घाई मला कळते. फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८ मध्ये शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथल्या धावपट्ट्या बंद झाल्या. मकाऊची धावपट्टी २०१८ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे उरले. न्यूझीलंडच्या सरकारने २०२४ च्या डिसेंबरात शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. स्पेनमध्ये दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस शिकारीचा हंगाम संपतो आणि सोडून दिलेल्या गाल्गोंनी निवारे भरतात. प्रत्येक चांगल्या बातमीमागे एकदम शेकडो कुत्र्यांना घरे शोधण्याचे काम येते, आणि ते बहुतेक वेळा बिनपगारी माणसे नोकरी सांभाळून करतात. अशा वेळी जाहिरातीत थोडी साखर पडणारच. ‘सगळे खरे सांगितले तर लोक घाबरतील आणि कुत्री पिंजऱ्यातच राहतील’, असे एका कार्यकर्त्याने मला स्पष्टच ऐकवले होते.

काही लोक घाबरतील, हे खरे आहे. मला सगळे आधी कळले असते, तर मीही कदाचित त्या वर्षी शेवरी घेतली नसती. तेव्हा घरात माझ्या आईचे आजारपण चालू होते. पण जो माणूस ऐकून घाबरतो, तो पाहून अधिक घाबरतो, आणि दोन-तीन महिन्यांनी कुत्रा परत आणतो. परत आलेल्या कुत्र्याच्या कागदावर मग ‘चावतो’ किंवा ‘एकटा राहत नाही’ असा शेरा पडतो, आणि दुसरे घर मिळायला पहिल्याच्या दुप्पट खटपट पडते. परत करणाऱ्या कुटुंबांबद्दल कार्यकर्त्यांच्या तोंडी जी भाषा असते, ती मी ऐकली आहे. त्या रविवारी वृद्ध गृहस्थ भेटले नसते, तर ती माझ्याबद्दल वापरली गेली असती.

भैरू ज्या संस्थेकडून आला तिने हेच काम वेगळ्या रीतीने केले. त्याच्या कागदावर लिहिले होते: ‘हा सध्या घाबरलेला आहे. याचा स्वभाव आम्हाला अजून कळलेला नाही.’ दोन वाक्ये. तो सहा आठवडे सोफ्याच्या मागे राहिला. रात्री सगळे झोपल्यावर येऊन खायचा, आणि हातात केरसुणी दिसली तरी जमिनीला चिकटायचा. आम्ही एकदाही आपले काय चुकले म्हणून फोन केला नाही, कारण कशाची वाट पाहायची आहे हे आम्हाला ठाऊक होते. पुढे निघाला तो पक्का चोर. कपाटाची कडी नाकाने उघडतो, आणि सहाव्या महिन्यात पाच फुटी कुंपणावरून उडी मारून गेला होता. पण त्या संस्थेचा फोन ठरल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्यातही आला, आणि सहाव्यातही, तेव्हा कुंपण सहा फुटांवर न्यायचे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले.

कुत्रा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आपण करता तो चौकशीचा फोन बंद करा असे मी म्हणत नाही, पण तिसऱ्या महिन्यातला फोन सुरू करा. ‘शांत’ लिहायचेच असेल तर ज्या कुत्र्याने चार महिने एखाद्या घरात काढले आहेत त्याच्याबद्दल लिहा. माणसे कमी आहेत ही अडचण असेल, तर ज्या संस्थांना हवे असेल त्यांच्यासाठी ते तिसऱ्या महिन्याचे फोन करायला मी तयार आहे. इतर जुन्या पालकांपैकीही पुष्कळ जण तयार होतील असे वाटते. मला कधीही फोन करावा. फक्त रात्री साडेआठ ते नऊ या वेळात नको. शेवरीला आता तेरावे वर्ष सरत आले आहे आणि मागचे पाय पायरी घेत नाहीत, त्यामुळे त्या वेळी तिला उचलून वर न्यायचे असते आणि माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.

कळावे.

आपली नम्र,
एक दत्तक पालक